पाठ राखणे आणि पाठ टेकणे : दारासिंग व किंग काँग यांच्या कौशल्याची तुलना

दोन मल्लांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आखाड्यात फार काळ अनिर्णीत राहत नाही. दोघांना समोरासमोर उभे करावे, सलामी व्हावी, खडाखडी व्हावी आणि ज्याची पाठ मातीला लागेल तो हरला असे मानावे. नागपंचमीच्या दिवशी महाराष्ट्रात आणि छत्तीसगडातही जे कुस्त्यांचे फड भरतात, तेथील लहान मुलालाही हा निकष ठाऊक असतो. व्यावसायिक कुस्तीच्या चौकोनी, दोऱ्यांनी वेढलेल्या रिंगमध्ये मात्र हे माप लागू पडत नाही. तेथे जिंकणारा अधिक कुशल आणि हरणारा कमी कुशल, असे अनुमान काढणे धोक्याचे असते. म्हणून अशा दोन मल्लांची तुलना करावयाची झाल्यास प्रथम त्यांच्या कौशल्याचे स्वरूप काय होते, याचा विचार करावा लागतो.

या विचारासाठी दारासिंग आणि किंग काँग यांच्याहून अधिक परिचित जोडी आपल्याकडे सापडणार नाही. विसाव्या शतकाच्या सहाव्या आणि सातव्या दशकांत मुंबईतील भिंतींवर या दोन नावांची मोठमोठी भित्तिपत्रके झळकत. ज्यांनी कधी तालमीची पायरी चढली नव्हती, असे कारकून, गिरणी कामगार आणि विद्यार्थीही त्यांच्या कुस्त्यांना गर्दी करीत. या कुस्त्यांना लोक 'फ्री स्टाइल' म्हणत. हे नाव थोडे फसवे आहे. ऑलिंपिक सामन्यांतही फ्री स्टाइल नावाचा प्रकार असतो. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, ते याच प्रकारात. पण ती गुणांवर आणि चितपटीवर चालणारी निखळ स्पर्धा आहे. मुंबईत तिकीट लावून होणारी 'फ्री स्टाइल' ही त्याच नावाची, परंतु वेगळ्या कुळातील गोष्ट होती. हे कुळ कसे जन्माला आले ते पाहिल्याशिवाय आपल्या दोन मल्लांना न्याय देता येणार नाही.

खऱ्या कुस्तीची अडचण

खरी कुस्ती पाहणाऱ्याला नेहमीच आनंद देते असे नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली. झबिस्को वजनाने गामाहून बराच भारी होता. तरीही गामाने पहिल्या काही क्षणांतच त्याला खाली आणले. त्यानंतर झबिस्कोने एकच धोरण धरले : गादीला चिकटून राहावयाचे आणि उठावयाचे नाही. अडीच तासांहून अधिक काळ गामा त्याला उलथविण्याचा यत्न करीत राहिला आणि झबिस्को पाठ राखून पडून राहिला. अखेर कुस्ती अनिर्णीत ठरली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली होती, पण झबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

या दोन्ही कुस्त्या मल्लविद्येच्या इतिहासात मानाच्या आहेत. परंतु तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर एक कंटाळवाणी आणि दुसरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपलेली! अमेरिकेतही हाच अनुभव येत होता. १९१६ मध्ये ओमाहा येथे जो स्टेचर आणि 'स्ट्रँगलर' या टोपणनावाने ओळखला जाणारा एड लुइस यांची कुस्ती सुमारे पाच तास चालली आणि बरोबरीत सुटली. दोन तुल्यबळ, जाणते मल्ल एकमेकांची पकड रोखू लागले की बाहेरून पाहणाऱ्याला दोन स्थिर देहांखेरीज फारसे काही दिसत नाही. आत चाललेला बोटाबोटाचा संघर्ष केवळ जाणकारालाच कळतो.

यावर १९२० नंतरच्या दशकात उपाय शोधण्यात आला. लुइस स्वतः, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, ठोसे, उचलून आपटणे आणि उड्या यांची त्यात भर टाकली आणि मल्लांचा एक संच करारबद्ध करून त्यांना शहराशहरांतून फिरविले. एकच मल्ल आज येथे आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गावी लढावयाचा, तर त्याचे हातपाय शाबूत राहिले पाहिजेत. आणि प्रेक्षक पुन्हा यावयाचा, तर कथा पुढे सरकली पाहिजे. यांतून निकाल आधी ठरविण्याची रीत रूढ झाली. कित्येक वर्षे हे व्यवसायाचे गुपित राहिले. १९८९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे, आमचे खेळ हे मनोरंजन आहे, अशी उघड कबुली दिली.

आपल्या तालमींत अशा ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. हा रोष रास्त आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचेच उदाहरण घेऊ. शाहू महाराजांच्या प्रेरणेने हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी मातीचा हौदा आणि भोवती वर चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे हजारो लोकांना कोठूनही हौदा दिसतो. तेथे येणारा माणूस निकाल पाहावयास आलेला असतो. त्याच्यापुढे नुरा कुस्ती करणे म्हणजे वजनात दांडी मारण्यासारखे आहे. रिंगमधील मल्लाचा सौदा निराळा असतो. त्यामुळे त्याचे कसबही निराळे असते.

रिंगमधील कसब कशात असते?

तालमीतील पोराला वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच मंत्र शिकवितो : काहीही होवो, पाठ टेकू द्यावयाची नाही. पट काढला गेला तर अंग वळवावे, ढाक लागली तर पोटावर पडावे, वेळ आली तर मानेवर पूल करावा, पण पाठ राखावी. वर्षानुवर्षांच्या जोर-बैठकांनंतर हे अंगात इतके मुरते की झोपेतही मल्लाचे शरीर पाठीचे रक्षण करते.

रिंगमधील मल्लाला याच्या अगदी उलट शिकावे लागते. त्याला पाठ टेकता आली पाहिजे, तीही एका रात्रीत दहा-वीस वेळा, उंचावरून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहता येईल अशा रीतीने. रिंगचा तळ लाकडी फळ्यांचा असतो. त्यांवर गादीचा थर आणि वर ताणलेले कापड असते. पडताना हनुवटी छातीशी घट्ट धरावी लागते, म्हणजे डोके मागे आदळत नाही. पाठीचा वरचा रुंद भाग आणि दोन्ही बाहू एकाच क्षणी टेकवावे लागतात, म्हणजे आघात एका जागी न साचता मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. त्याच क्षणी श्वास सोडावा लागतो. ज्युदोमध्येही पडण्याची अशी विद्या प्रथम शिकवितात. फळ्यांचा जो धाडकन आवाज होतो, त्याने प्रेक्षकाच्या काळजात धस्स होते. कुशल मल्लाच्या बाबतीत तो आवाज बव्हंशी शक्ती विखुरल्याची खूण असतो. वेदना मात्र खोटी नसते. ती कमी केलेली असते, नाहीशी केलेली नसते.

दुसरे कसब उचलण्याचे. आखाड्यात कलाजंग डाव मारताना प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली शिरून त्याला खांद्यांवर घेतात. तो अर्थातच विरोध करतो; कंबर खाली टाकतो, पाय मागे फेकतो. त्यामुळे बलाढ्य माणसावर हा डाव क्वचितच साधतो. रिंगमध्ये उचलला जाणारा मल्ल साहाय्य करतो. योग्य क्षणी तो चवड्यांवर किंचित उसळी घेतो, आपले वजन उचलणाऱ्याच्या शरीराला बिलगून ठेवतो आणि वर गेल्यावर अंग ताठ राखतो. ही मदत प्रेक्षकाला दिसता कामा नये. तोच तिचा कस.

तिसरे कसब वजनावर ताबा ठेवण्याचे. पडलेल्या माणसावर अंग झोकून दिलेले दिसले पाहिजे, आणि त्याच्या बरगड्या मोडता कामा नयेत. चौथे कसब चालीचे आहे. कोणत्या क्षणी थांबावे, कधी मार खावा, कधी उसळावे आणि हजारो लोकांचा श्वास किती वेळ रोखून धरावा, हे रिंगमध्ये उभे असतानाच ओळखावे लागते. तमाशातील सोंगाड्याला किंवा कीर्तनकाराला जी समज लागते, तिच्याशी या समजेचे जवळचे नाते आहे.

दारासिंग

दारासिंगचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात धर्मूचक या गावी झाला. गावोगावच्या दंगलींत तो मातीवर लढला होता. १९४७ च्या सुमारास तो सिंगापूरला गेला आणि तेथे हरनामसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली व्यावसायिक कुस्तीचे धडे घेतले. मलायात नाव मिळवून काही वर्षांनी तो भारतात परतला. १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्को या कॅनडाच्या मल्लाला हरवून त्याने राष्ट्रकुल विजेतेपद पटकाविले, आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळवून तो जगज्जेता म्हणून घोषित झाला. १९८३ मध्ये त्याने रिंगचा निरोप घेतला.

उंची सहा फुटांहून अधिक, वजन सुमारे १३० किलो आणि तरीही अंगावर चरबीचा भार नाही, अशी त्याची देहयष्टी होती. त्याच्या कौशल्याचा पाया मातीतील होता. पायांची ठेवण, कमरेचा वापर, पकड घेतल्यावर ती सैल न सोडणे या गोष्टी ज्याने खरी कुस्ती केली आहे त्यालाच जमतात. थेझ हा कठोर पारखी होता. धरबंद आणि सांधे आवळण्याच्या विद्येत त्याच्या पिढीत त्याला तोड नव्हती. या थेझनेही आपल्या आठवणींत दारासिंगला अस्सल कुस्तीगीर मानून त्याचा गौरव केला आहे. अर्थात १९६८ च्या लढतीच्या वेळी थेझचे वय ५२ होते आणि दारासिंगचे ३९, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्या निकालापेक्षा थेझने दिलेला अभिप्राय अधिक मोलाचा आहे.

रिंगमधील दारासिंगचा दुसरा गुण म्हणजे साधेपणा. त्याच्या हालचाली थोड्या आणि स्पष्ट असत. कोणती पकड घेतली, कोण अडकला, कोण सुटला, हे शेवटच्या रांगेतील माणसालाही कळे. तो फारसे हातवारे करीत नसे. अन्याय सोसून शेवटी उठणारा सरळमार्गी बलवान, ही त्याची प्रतिमा होती आणि तिला मितभाषी शरीर शोभून दिसे. उणीव सांगावयाची झाली तर तीही येथेच आहे. वेदना, भीती, असहायता हे भाव त्याच्या देहातून फार गडदपणे उमटत नसत. प्रेक्षकाला त्याच्या पराभवाची खरी धास्ती वाटावी, हे काम बहुतेक वेळा समोरच्या मल्लाला करावे लागे.

किंग काँग

समोरचा मल्ल पुष्कळदा किंग काँग असे. त्याचे खरे नाव एमिल चाया. १९०९ मध्ये ब्राशोव येथे त्याचा जन्म झाला. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. आज ते रुमानियात आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच तो भारतात येऊन पोहोचला आणि पुढे सिंगापूर हे त्याचे घर झाले. १९३३ च्या गाजलेल्या चित्रपटातील अजस्र वानराचे नाव त्याने धारण केले आणि ते इतके रुजले की मूळ नाव विसरले गेले. १९७० मध्ये मोटार अपघातात जबर जखमी होऊन त्याचा अंत झाला.

त्याचे वजन पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या दरम्यान असे. तुळतुळीत डोके, दाढी आणि पिंपासारखे पोट अशा थाटात तो रिंगमध्ये शिरला की निम्मे काम झालेलेच असे. म्हणूनच त्याच्याविषयी एक गैरसमज पसरला : वजनाखेरीज त्याच्यापाशी काही नव्हते. प्रत्यक्षात वजन हीच रिंगमध्ये सर्वांत अवघड वस्तू आहे. पावणेदोनशे किलोचा माणूस जर बेतालपणे पडला तर खालचा मल्ल जायबंदी होतो, आणि स्वतः चुकीचा पडला तर स्वतःचे गुडघे किंवा मणके गमावतो. किंग काँगने तीन दशकांहून अधिक काळ अनेक देशांतील रिंगमध्ये हे शरीर वागविले. ज्याला आपल्या वजनावर ताबा नाही त्याच्याशी लढण्यास दुसरे मल्ल फार काळ तयार होत नाहीत. व्यवसायातील हा न बोललेला नियम लक्षात घेतला की त्याच्या दीर्घ कारकीर्दीचा अर्थ कळतो.

त्याचे दुसरे कसब खलनायकाचे. रिंगमधील खलनायकाला कुस्तीची गती राखावी लागते. नियम मोडणे, पंचाची नजर चुकविणे, प्रेक्षकांना डिवचणे, नायकाला कोपऱ्यात कोंडणे आणि मग अगदी नेमक्या क्षणी मागे हटू लागणे, हे सारे त्याच्याकडे असते. नायक उठतो असे आपल्याला दिसते, पण त्याला उठण्याची जागा खलनायक करून देतो. किंग काँगला ही जागा करून देता येत होती. लोक त्याचा द्वेष करीत आणि पुढच्या खेळाला पुन्हा येत. त्याच्या विद्येला मिळालेली ती पावती होती.

दोघे एकत्र आले तेव्हा

दारासिंगने किंग काँगला खांद्यावर उचलून गरगर फिरविले आणि आपटले, ही आठवण त्या पिढीतील प्रेक्षक मोठ्या अभिमानाने सांगत. या एका दृश्यात दोघांचे कौशल्य शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

प्रथम दारासिंगचा वाटा पाहू. समोरच्याने कितीही साहाय्य केले तरी आपल्याहून पन्नास किलोंनी जड माणूस खांद्यावर घेऊन उभे राहणे ही बनावट गोष्ट नव्हे. गुडघे वाकवून अंगाखाली जावे लागते, भार पायांच्या बरोबर मधोमध आणावा लागतो आणि पाठीच्या नव्हे तर मांड्यांच्या जोरावर उठावे लागते. फिरताना तो भार बाहेरच्या बाजूस ओढ घेतो. पाऊल तसूभर चुकले तर दोघेही कोसळतात. हजारो बैठकांनी घडलेल्या मांड्यांखेरीज हे शक्य नाही.

आता किंग काँगचा वाटा. त्याने उसळी घेतली नसती, अंग ढिले सोडले असते किंवा वर गेल्यावर धडपड केली असती, तर जगातील कोणत्याही मल्लाला त्याला तसे फिरविता आले नसते. पुढे उंचीवरून खाली येणे त्याच्याच वाट्याला होते. शरीर जितके जड तितका आघात मोठा. हलका मल्ल जे सहज झेलतो ते जड मल्लाला जिवावर बेतू शकते. आणि हे सर्व करताना त्याच्या चेहऱ्यावर अविश्वास व भय दिसावे लागे, कारण दारासिंगच्या बळाचा पुरावा प्रेक्षक त्याच्याच चेहऱ्यावर वाचीत. टाळ्या उचलणाऱ्याला मिळत. तथापि त्या क्षणाची अधिक जोखीम उचलला जाणाऱ्याच्या अंगावर होती.

यावरून आपल्याला काही निर्णय करता येतात. निकाल ठरलेला नसता आणि दोघे मातीवर उतरले असते, तर दारासिंगचा कस सरस ठरला असता, असे त्याची तालीम, चपळाई आणि दम पाहता म्हणता येईल. बळ प्रत्यक्ष करून दाखविण्यातही तोच पुढे होता. परंतु रिंगच्या स्वतःच्या विद्येत, म्हणजे पडण्यात, वजन सांभाळण्यात, कुस्तीची लय राखण्यात आणि समोरच्याला मोठे करण्यात, किंग काँग त्याच्या बरोबरीचा होता. समोरच्याला मोठे करण्याच्या बाबतीत तर काकणभर अधिकच. पाठ राखणाऱ्यांच्या परंपरेतून दारासिंग आला. किंग काँगने पाठ टेकण्याची कला पूर्णत्वास नेली. १९६२ मध्ये 'किंग काँग' नावाचाच हिंदी चित्रपट निघाला आणि त्याचा नायक दारासिंग होता, यावरून ही दोन नावे लोकांच्या मनात किती एकजीव झाली होती हे दिसते.

मग प्रेक्षक फसविला गेला काय? फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ याने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात या प्रकारच्या कुस्तीचा विचार केला आहे. त्याच्या मते अशा कुस्तीचा प्रेक्षक निकाल खरा की खोटा याची चिकित्सा करीत नाही. दुःख, पराभव आणि न्याय या गोष्टी डोळ्यांसमोर स्पष्ट घडाव्यात, एवढीच त्याची अपेक्षा असते. दशावतारात राक्षस मरणार हे कोकणातील प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी तो पहाटेपर्यंत जागा राहतो. त्याचीही भूमिका अशीच असते. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि त्यात दारासिंग हनुमान म्हणून दिसला, तेव्हा रिंगमधील प्रतिमेने आपले स्वाभाविक घर शोधले असेच अनेकांना वाटले असेल.

परंतु एक गोष्ट येथे विसरता कामा नये. देखाव्याची कुस्ती आणि निकाली कुस्ती यांना एकच नाव आणि एकच माप लावले की नुकसान निकाली कुस्तीचे होते. रिंगमधील उचलाउचल पाहून आलेल्या माणसाला मातीवरची अर्ध्या तासाची खडाखडी निर्जीव भासते; मल्ल काहीच करीत नाहीत असे वाटून तो मैदानातून उठून जातो. ज्या तालमीने दारासिंगच्या मांड्या घडविल्या, तिच्याकडे मग कोणी फिरकत नाही. उलट केवळ निकालाच्या मापाने रिंगकडे पाहणारा किंग काँगसारख्या मल्लाला 'नेहमी हरणारा जाडा' एवढ्याच शब्दांत निकालात काढतो आणि त्याच्या आयुष्यभराच्या साधनेला मुकतो. मैदानात जाऊन बसल्यावर प्रेक्षकाने स्वतःलाच विचारावे, की येथे पाठ राखण्याची परीक्षा आहे की पाठ टेकण्याची. त्याचे उत्तर ठाऊक असेल, तर दोन्ही मल्लांना ज्याची त्याची दाद देता येते.